चौथ्या पावलाची उडी

एखादी गोष्ट मला येत नाही असं कोणी म्हटलं, की मी ती दुपारपर्यंत शिकून दाखवते! हा गर्व नाही, अनुभव आहे. शिवणाच्या क्लासची पायरी मी कधी चढले नाही. नवऱ्याची एक चांगली पँट घेतली, उसवली, नीट पाहिली आणि परत शिवली. तिचा एक पाय आखूड झाला हे खरं, पण दुसऱ्या पँटचे दोन्ही पाय सारखे होते! आज आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं स्वतःचं शिवणाचं दुकान आहे. त्यामुळे हॉस्पिटलात व्यायाम करून घेणारी ती चुणचुणीत मुलगी जेव्हा म्हणाली, "काकू, आजींना घरी रोज चालवावं लागेल हं, जमेल ना?" तेव्हा मला हसूच आलं.

"अगं, वर्षाचं पोर कोणी न शिकवता चालायला लागतं," मी म्हटलं. "आमच्या सासूबाई तर ऐंशीच्या आहेत. चालण्याचा केवढा अनुभव!"

इथूनच सगळं बिघडत गेलं.

झालं होतं असं, की सासूबाई खुर्चीवर चढून पंखा पुसत होत्या. घरात पंखा पुसायला मी आहे, शिवाय त्यांचा लाडका चिमण्या आहे. चिमण्या म्हणजे आमचे हे. वजन क्विंटलच्या आसपास. पण नाही! "तुम्ही पुसता तेव्हा धूळ नुसती जागा बदलते," असं म्हणून त्या चढल्या आणि पंख्याच्या पात्यासकट खाली आल्या. पातं वाकलं, खुबा मोडला. डॉक्टरांनी नवा खुबा बसवला. पातं अजून तसंच आहे.

आता पंचाईत जिन्याची. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. हाडांचे डॉक्टर म्हणजे एकदम गंभीर माणूस, हसले तर टाके पडतील असा चेहरा. त्यांनी बजावलं, "चाल सरळ झाल्याशिवाय जिना चढायचा नाही." म्हणून सासूबाईंचा मुक्काम माझ्या दुकानात! एका बाजूला माझं पायमशीन, दुसऱ्या बाजूला कपडे घालून बघायचा पडद्याचा आडोसा आणि बरोब्बर मधे त्यांचा पलंग. नाटक बघायला पहिल्या रांगेतली खुर्ची मिळावी तशा त्या बसायच्या, आणि गप्प बसायच्या नाहीत.

एक गृहस्थ पँटचं माप द्यायला आले. मी टेप कमरेभोवती घेतली, त्यांनी श्वास आत ओढला.

"पोट सोड बाबा," पलंगावरून आवाज आला. "जेवल्यावर काय करशील?"

गृहस्थ लाल झाले. पोट सुटलं. माप दीड इंचानं वाढलं. मी टेपमागे तोंड लपवलं. पण खरं सांगते, पुढच्या वेळी ते आपल्या भावालाही घेऊन आले. "आजींसमोर माप द्यायचं, मग तक्रार येत नाही!" म्हणाले.

तर अशी गंमत चालली होती आणि तेवढ्यात माझ्या मोठ्या दिरांचा फोन आला. ते दुसऱ्या गावाला असतात. बंगला, तळमजला, चकचकीत फरशी.

"आईला असं दुकानात चिंध्यांमधे ठेवणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. "डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली तर ठीक. नाहीतर मी येऊन घेऊन जातो. कायमची. पलंग आणून ठेवलाय."

मी स्पीकर चालू ठेवून काज करत होते, त्यामुळे सासूबाईंनी सगळं ऐकलं. त्या बटणांचा डबा मांडीवर घेऊन पांढरी वेगळी आणि काळी वेगळी करत होत्या. मग काळं बटण पांढऱ्यांत टाकत म्हणाल्या, "त्याच्याकडे सगळं छान आहे गं. पण मला तिथे कोणी काही बोलतच नाही. तू निदान भांडतेस तरी."

झालं! मी सुई तिथेच टोचली. म्हटलं, आता ह्या जिना चढणार, म्हणजे चढणारच!

व्यायामवालीनं सांगितलं होतं, की पावलं एका तालात पडली पाहिजेत. त्यासाठी तिनं माझ्या फोनमधे टिक-टिक वाजणारं काहीतरी घालून दिलं होतं. ते लावलं. सासूबाई काठी टेकून उभ्या राहिल्या, एक पाऊल टाकलं आणि थबकल्या.

"बंद कर ते. नळ ठिबकल्यासारखं वाटतं. मला बाथरूमला जावंसं वाटायला लागलं."

मग मी एक संथ, गोड प्रेमगीत लावलं. त्या अर्ध्या वाटेत थांबल्या आणि पडद्याच्या कापडाकडे टक लावून बघत राहिल्या. का, ते मी विचारलं नाही. मग संचलनाचं बँडवाद्य लावलं. तर इतक्या जोरात काठी आपटली, की माझ्या पायावर!

संध्याकाळी हे कामावरून आले. हे वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानादुकानांतून फिरून काट्याला काडीएवढा फरक असला तरी पकडतात. मी सगळा प्रकार सांगितला. ह्यांनी डोळे मिटले, तळहातावर बोटांनी ठेका धरला आणि एकदम म्हणाले, "माझी डिस्कोची तबकडी!"

"अहो, काहीतरीच काय! ऐंशी वर्षांच्या बाईला डिस्को?"

"ताल हवाय ना? त्याच्याइतका इमानी ताल दुसरा नाही. घड्याळ चुकेल, डिस्को चुकणार नाही!"

आता ह्या तबकडीबद्दल सांगायलाच हवं. ह्यांच्या कॉलेजच्या दिवसांत एक डिस्को सिनेमा आला होता. सगळं गाव त्यानं वेडं झालं होतं म्हणे. हे सोडून! कारण सासूबाईंनी ह्यांना तो बघायला सोडलंच नाही. "परीक्षा झाल्यावर बघ," म्हणाल्या, आणि परीक्षा होईपर्यंत सिनेमा निघून गेला. मग ह्यांनी पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून त्या सिनेमाच्या गाण्यांची तबकडी घेतली, वापरलेली. वर आरशाच्या तुकड्यांचा गोळा आणि खाली पाय फाकवून उभा असलेला नायक. त्याची पँट इतकी घट्ट, की ती ज्यानं शिवली त्याला मला एकदा भेटायचंय. ह्यांनी सिनेमा बघितला नाही तो नाहीच, पण ती तबकडी मात्र झिजेपर्यंत ऐकली.

आणि त्यातलं ते दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं! ढम् ढम् ढम् असा जमिनीतून वर येणारा ठोका, त्यावर टाळ्या, त्यावर व्हायोलिनचा ताफा धावत येतो आणि मग तीन-चार पुरुष मिळून बायकांच्या आवाजात गातात. ऐकलं की गुडघे आपले आपण हलतात. पण खरी करामत ठेक्यात. तीन ठोके सरळ, आणि चौथ्याला 'टुक्' करून गाणं टुण्णकन पुढे उडी मारतं! ढम्, ढम्, ढम्, टुक्-ढम्! आमच्या घरात ती उडी म्हणजेच त्या गाण्याचा प्राण. लग्नानंतर ह्यांनी मला पहिलं काय शिकवलं असेल, तर हा नाच. डावा, उजवा, डावा आणि चौथ्या पावलाला छोटीशी उडी. कधी रेडिओवर तेच गाणं लागलं आणि त्यात उडी नसली, की हे तुच्छतेनं म्हणायचे, "रेडिओवाले कापून लावतात."

तर ह्यांनी तबकडीचं यंत्र छातीशी धरून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. कटिंगच्या टेबलावर ठेवलं. सुई टेकवली. ढम्!

सासूबाई म्हणाल्या, "हा तर तुझा जुना धिंगाणा!"

"हो आई."

"ह्यासाठी मी तुला किती ओरडले असेन रे चिमण्या." त्या काठी घेऊन उभ्या राहिल्या. "वाढव आवाज."

आणि चालायला लागल्या! डावीकडून मी, उजवीकडून हे. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत. डावा, उजवा, डावा आणि उडी! पहिल्या दिवशी उडी म्हणजे नुसता झटका होता. आठवड्याभरात झोकात यायला लागली. गाणं छोटं होतं, सुरू झालं म्हणेपर्यंत संपायचं, आणि संपलं रे संपलं की सासूबाई जिथे असतील तिथे गाडीला ब्रेक लागल्यासारख्या थांबायच्या. "परत!" की आम्ही परत सुई टेकवायची.

दुकानाचा तर डान्स हॉल झाला! माझं पायमशीनसुद्धा त्याच तालावर चालायला लागलं. एक बाई फ्रॉक परत घेऊन आल्या. "दर थोड्या अंतरानं एक टाका लांब पडलाय," म्हणाल्या. मी म्हटलं, "डिझाइन आहे!" त्यांनी आणखी दोन फ्रॉक शिवायला टाकले. पोट सोडणारे गृहस्थ नवी पँट घालून आडोशातून बाहेर आले, ते टुण्णकन उडी मारतच. "बसते छान!" म्हणाले. सासूबाई खूष. मी खूष. ह्यांची तर छाती फुगून शर्टाची बटणं माझ्याकडे दुरुस्तीला!

मग आला तपासणीचा दिवस.

हॉस्पिटलच्या लांबलचक गुळगुळीत मार्गिकेत सासूबाई उभ्या राहिल्या. एका टोकाला डॉक्टर, शेजारी व्यायामवाली. मी सासूबाईंच्या कानात पुटपुटले, "आई, मनातल्या मनात गाणं म्हणा." त्यांनी मान हलवली आणि निघाल्या. डावा, उजवा, डावा...

टुण्ण!

डॉक्टरांची भुवई वर गेली.

डावा, उजवा, डावा, टुण्ण! दुसरीही भुवई गेली. व्यायामवालीनं तोंडावर हात ठेवला.

"थांबा! आजी, थांबा! दुखतंय?"

"नाही बाई. मजा येतेय."

"मग हे काय होतंय तुम्हाला दर चौथ्या पावलाला?"

सासूबाईंनी अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. "होत नाही. मी करते."

पण डॉक्टरांनी ते ऐकलंच नाही. त्यांचा चेहरा पडला होता. बिचाऱ्यांना वाटलं, आपण बसवलेला खुबा निसटतोय! लगेच एक्स-रे. उभ्यानं, आडवं, कुशीवर. सगळं ठाकठीक. म्हणून ते आणखीच घाबरले. "फोटोत काही दिसत नाही याचा अर्थ काहीतरी बारीक आहे. आठवडाभर बघू. चाल सुधारली नाही तर पुन्हा उघडून बघावं लागेल."

"उघडून?" सासूबाई म्हणाल्या. "मी काय उशीचा अभ्रा आहे, उसवून परत शिवायला?"

घरी येताना रिक्षात मी मनात हिशेब मांडत होते. ऑपरेशन परत म्हणजे जिना लांबणीवर आणि जिना लांबणीवर म्हणजे मोठ्या दिरांचा पलंग. सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांचा हात शिवणाच्या कात्रीसारखा गार पडला होता. उतरताना एवढंच म्हणाल्या, "जास्त सराव करूया."

आणि आम्ही केला की! ह्यांनी रजा घेतली. सकाळी डिस्को, दुपारी डिस्को, संध्याकाळी डिस्को. हे वजनकाट्यासमोर बसावं तसे वाकून पावलं तपासायचे. "आई, तिसरं पाऊल जरा हलकं. आणि चौथ्याला नीट उडी, अर्धवट नको!" चाल सुधारायची होती ना? आम्ही इतकी सुधारली, इतकी सुधारली, की आता ती उडी लांबूनसुद्धा स्पष्ट दिसायला लागली!

आठवड्यानं परत तीच मार्गिका. ह्या वेळी हेही बरोबर. सासूबाई चालल्या. उडी अशी झकास पडली, की बाकावरच्या एका पेशंटनं टाळी वाजवली.

डॉक्टर भिंतीला टेकले. मग हळू आवाजात ह्यांना म्हणाले, "तुमच्या घराण्यात असं कोणाला आहे का?"

"कसं?"

"असं चालणं. तुम्ही जरा चालून दाखवता?"

हे चालायला लागले. माणसाला कोणी 'चालून दाखव' म्हटलं, की तो नेहमीसारखा कधीच चालत नाही. ह्यांच्या डोक्यात आठवडाभराचं डिस्को भरलेलं. डावा, उजवा, डावा, टुण्ण! त्या वजनाची उडी म्हणजे काय विचारता! पाण्याचे पेले किणकिणले.

डॉक्टरांचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. "आनुवंशिक आहे!" ते जवळजवळ ओरडले. "माझ्या ऑपरेशनचा काही दोष नाही! आईकडून मुलाला आलंय! सिस्टर, लिहून घ्या!"

मला राहवलं नाही. मी तरातरा पुढे निघाले, त्यांना सांगायला, की अहो डॉक्टर, असं काही नाही. डावा, उजवा, डावा, टुण्ण!

सिस्टरचं पेन हवेतच थांबलं.

"तुम्ही यांच्या मुलगी?" डॉक्टरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"सून."

"सून! मग तुम्हाला कुठून?"

"सासरकडून," मी म्हटलं.

डॉक्टर बाकावर बसले. टाळी वाजवणाऱ्या पेशंटनं सरकून त्यांना जागा करून दिली. पण व्यायामवाली मात्र माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. "काकू," ती म्हणाली, "ती टिक-टिक लावता ना तुम्ही घरी?"

"छे! त्यानं सासूबाईंना नळ आठवतो. आम्ही गाणं लावतो."

"कुठलं?"

ह्यांनी तोंडानं वाजवून दाखवलं. ढम्, ढम्, ढम्, टुक्-ढम्!

"'टुक्' काय आहे मधे?"

"तीच तर गंमत आहे!"

तिनं खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि गाणं लावलं. तोच ठोका, त्याच टाळ्या, तीच धावत येणारी व्हायोलिनं. ढम्, ढम्, ढम्... ढम्. ढम्. ढम्. उडी आलीच नाही! आम्ही तिघंही चौथ्या ठोक्याला सवयीनं उडालो आणि गाण्याच्या पुढे जाऊन पडलो.

"हे चुकीचं आहे," हे म्हणाले. "हे कापलेलं आहे."

"काका, हे सिनेमातलं मूळ गाणं आहे," व्यायामवाली शक्य तितक्या मायेनं म्हणाली. "तुमच्या तबकडीवर चरा असणार. तबकडी एक फेरा फिरली, की सुई चऱ्यावर येते आणि पुढच्या रेघेत उडी मारते."

ह्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं, ते मी सांगू शकत नाही. काडीएवढा फरक पकडणारा माणूस! आणि इतकी वर्षं... हे नुसतेच म्हणाले, "म्हणजे आपण इतकी वर्षं चऱ्यावर नाचलो?"

"छान नाचलो पण," मी म्हटलं आणि त्यांचा हात धरला. काय करणार!

इकडे ह्या दुःखात आमचं लक्ष नव्हतं, पण फोनवर गाणं चालूच होतं. आणि गाणं चालू आहे म्हटल्यावर सासूबाईही चालूच होत्या! डावा, उजवा, डावा, उजवा. उडी नाही, झटका नाही. इस्त्री फिरवावी तशी सरळ चाल! डॉक्टर ताडकन उभे राहिले. "वा! आजी, वा! बस झालं, थांबा आता."

पण सासूबाईंची सवय एकच. गाणं संपलं, की थांबायचं. आमच्या तबकडीवर सुई दर फेऱ्याला रेघ गाळत पळायची, म्हणून गाणं निम्म्यात उरकायचं. हे मूळ गाणं चांगलं लांबलचक होतं! मार्गिका संपली. गाणं संपेना. समोर जिना आला. सासूबाईंनी एका हातानं कठडा धरला आणि चढायला लागल्या!

"आजी! अहो आजी!" व्यायामवाली फोन घेऊन धावली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. "आधी चांगला पाय! हां! मग काठी आणि दुसरा!" तिच्यामागे मी, माझ्यामागे हे आणि सगळ्यांत मागे धापा टाकत डॉक्टर, "ते गाणं बंद करू नका! मधे बंद करू नका!" असं ओरडत. व्हायोलिनचा ताफा वर चढत होता, त्याबरोबर आमचाही! शेवटचा ढम् वाजला आणि सासूबाई वरच्या मजल्याच्या लादीवर दोन्ही पाय जुळवून थांबल्या.

"संपलं वाटतं," म्हणाल्या. घामानं डबडबल्या होत्या आणि चेहरा असा, जशी शाळेतली पोर शर्यतीतली दोरी तोडून उभी आहे.

डॉक्टर गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होते. "परवानगी," एवढंच म्हणाले. आणि हसले! टाके-बिके काही पडले नाहीत.

उतरायचं शिकवलेलं नव्हतं. म्हणून सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली आणलं. येणाऱ्याजाणाऱ्याकडे मान तुकवत, राणीसारख्या.

त्याच संध्याकाळी आमच्या जिन्याची स्वारी! ह्यांच्या फोनमधे ते चरा नसलेलं गाणं घालून घेतलं होतं. हे पुढे फोन घेऊन उलटे चढत होते, मी मागे. पहिला मजला झोकात झाला. कठड्याशी स्टूल ठेवून सासूबाईंनी दम खाल्ला. दुसराही झाला. तिसऱ्याच्या ऐन मधे, एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या, अशा अवस्थेत गाणं तुटलं आणि फोन वाजायला लागला. मोठे दीर!

गाणं थांबलं, म्हणून सासूबाई थांबल्या. पुतळ्यासारख्या! वर जाईनात, खाली येईनात.

"गाणं!" मी ओरडले. "अहो, गाणं लावा!"

घाबरून ह्यांनी फोन बंद करण्याऐवजी उचलला. "हॅलो, आईला घ्यायला येऊ ना मग?" जिन्यात दिरांचा आवाज घुमला.

आता काय करावं? मी घसा फाडून गायला लागले! "ढम्! ढम्! ढम्! ढम्!" मला गाता येत नाही हे गिऱ्हाइकांनासुद्धा माहीत आहे. पण मागे हटेन तर शपथ! हे वरून बायकांच्या आवाजात सामील झाले. सासूबाईंचा पाय उचलला. एक पायरी. दुसरी. आणि जुन्या सवयीनं ह्यांच्या तोंडून गेलंच, "टुक्!"

"चिमण्या, नीट गा!" सासूबाई कडाडल्या. "खुबा माझा आहे!"

"अरे, काय चाललंय तिथे?" फोनमधून दीर ओरडत होते. "कोण किंचाळतंय? आई कुठेय? आई!"

सासूबाई शेवटची पायरी चढल्या. मान वळवून फोनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी घरी पोचले रे. तो पलंग परत करून टाक." मग आवाज जरा मऊ केला. "आणि तू ये की राहायला. इकडे बरीच गंमत असते."

मी जिन्यातच बसले. मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी चपलेचा बंद नीट करत असल्याचं दाखवलं. माझ्या चपलेला बंद नाही.

सासूबाई त्यांच्या खोलीत गेल्या. स्वतःच्या पलंगावर बसल्या. स्वतःच्या खिडकीतून बघितलं. स्वतःच्या उशीवर हात फिरवला. आम्ही दोघं दारात उभे, डोळे भरून बघतोय. किती दिवसांची आस! सकाळी चहा घेऊन गेले, तर बाई काठी घेऊन दाराशी तयार.

"कुठे?"

"दुकानात. इथे काय भिंती बघत बसू? माझ्यामागं गिऱ्हाईक पोट आत घेऊन माप देतील आणि तुला कळायचं नाही."

मी व्यायामवालीला फोन केला. ती म्हणाली, उतरू देत, सवय चांगलीच आहे, दुखरा पाय आधी टाकायचा. "पण काकू, उतरताना ते गाणं नको हं! घाईनं उतरायला जातील. एखादं अगदी संथ लावा." ह्यांनी त्या सिनेमाच्या गाण्यांत शोध-शोध शोधलं. डिस्कोच्या सिनेमात संथ गाणं असून असून किती असणार! एकच निघालं. नायिका नायकाला कायमची सोडून जाते तेव्हाचं. एकटं व्हायोलिन हुंदके देतं, बाई आवाज फोडून रडत गाते. पण ताल उतरायला एकदम बरोबर!

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळी आमच्या जिन्यात ते गाणं घुमतं. पुढे फोन घेऊन मी, मागून एक-एक पायरी उतरत सासूबाई. एक हात कठड्यावर आणि दुसऱ्या हातात काठीबरोबर घाम टिपायला रुमाल. हळूहळू, हळूहळू, हुंदक्याच्या तालावर.

पहिल्या मजल्यावर नुकतेच एक निवृत्त मास्तर राहायला आले आहेत. सज्जन माणूस. काही दिवस ते दार किलकिलं करून नुसतं बघत होते. काल मात्र त्यांना राहवलं नाही. बाहेर आले, माझ्याकडे जळजळीत नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मी नवीन आहे, बोलणं बरं नाही. पण ह्या वयात सासूला रोज अशी रडवत रडवत कामाला नेता? तुम्हाला काही वाटत नाही?"

मी तोंड उघडलं. खुब्यापासून सांगू, चऱ्यापासून सांगू, की दिरांच्या पलंगापासून, ते ठरेना. तेवढ्यात मागच्या पायरीवर सासूबाई थांबल्या. रुमाल हळूच डोळ्यांना लावला.

"जाऊ द्या हो मास्तर," त्या म्हणाल्या. "हिचा स्वभावच तसा आहे!"